दोनशे डॉलरचं पिस्तूल आणि मामांची ठासणीची बंदूक

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका ही विनंती.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोराने मला एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ गॅरेजात बसलाय. समोर पुठ्ठ्याचं खोकं. त्यातून एकेक भाग काढून टेबलावर मांडतो. लोखंडी नळी, लाकडाचा दस्ता, घोडा, चाप, पितळी पट्ट्या, मूठभर स्क्रू. मग कानस, पॉलिश पेपर, तेल. व्हिडिओच्या शेवटी त्याच्या हातात जुन्या सिनेमातल्या चाच्यांकडे असतं तसं पिस्तूल तयार. काळी दारू ठासून बार काढतो, धुराचा ढग उठतो, म्हातारा खूश.

खाली पोराचा मेसेज : "दादा, ह्यां चांगला आसा काय? सवाय आसा. आपल्याकडे मागवूक गावतला? रातची राखणीक बरा पडतला."

मी लगेच लिहिलं, "मागवू नको, आत जाशील." तो गप्प बसला. पण मला रात्री झोप लागेना. कारण त्याने विचारलेलं पहिलं वाक्य, म्हणजे "हे चांगलं आहे का", हा प्रश्न आमच्या भागात बंदुकीबद्दल कोणी विचारतच नाही. परवाना आहे का, हे विचारतात. बंदूक कशी आहे, हे कोणीच विचारत नाही. आणि ते न विचारल्याची किंमत माझ्या घरात मोजली गेली आहे.

आधी त्या पिस्तुलाचं सांगतो. अमेरिकेत अशी खोकी खूप वर्षांपासून मिळतात, साधारण दोनशे-तीनशे डॉलरच्या आसपास. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात जुन्या बनावटीची शस्त्रं आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या त्यांच्या प्रतिकृती 'बंदूक' या व्याख्येतून बाहेर ठेवल्या आहेत. राज्यांचे नियम निराळे असतात, पण पुष्कळ ठिकाणी खोकं टपालाने घरी येतं. माल बराचसा स्पेन आणि इटलीतला.

स्वस्त का? कारण मजुरी तुमची. नळी पूर्ण तयार येते, घोडा-चापाची यंत्रणा बहुतेक जुळवलेली येते, दस्त्याचं लाकूड बरंचसं कोरलेलं असतं. उरलेलं घासणं, बसवणं, रंगवणं गिऱ्हाइकाने करायचं. दोष असतात ते इथेच. स्क्रू मऊ, पिळताना खाच झिजते. स्प्रिंग एखादी कडक, एखादी ढिली. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये फट. चकमकीचं मॉडेल असेल तर ठिणगीची बोंब, कारण ज्या पोलादी पात्यावर चकमक घासते ते पुरेसं कठीण केलेलं नसलं की ठिणगी पडते पण मरतुकडी. टोपीवर चालणारं पिस्तूल त्या मानाने भरवशाचं. तरी पहिला बार फुसका जाण्याचा अनुभव अनेकांना येतो, आणि कारण साधं असतं. गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेलं तेल टोपीखालच्या बारीक भोकात बसलेलं असतं. जाणकार माणूस आधी ते साफ करतो, दोन नुसत्या टोप्या फोडून वाट मोकळी करतो, मगच दारू भरतो.

थोडक्यात, हौसेची वस्तू. दहा-पंधरा पावलांवरच्या कागदाला भोक पाडायला ठीक. रानडुकराला त्याने काही होणार नाही, झालंच तर तो जखमी होऊन तुमच्या अंगावर येईल.

पण एक गोष्ट त्या खोक्यात पक्की असते. नळी. स्पेन असो की इटली, तिथे बंदूक विकायला काढण्याआधी सरकारमान्य ठिकाणी चाचणीला जाते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून उडवतात. नळी फाटली, फुगली तर बाद. टिकली तर लोखंडावर ठसा. याला प्रूफ म्हणतात. ही काही आजची गोष्ट नाही. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संस्थेला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. एकमेकांचे ठसे मान्य करायचे म्हणून युरोपातल्या देशांचा करार १९१४ मध्ये झाला. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही. म्हणजे त्या दाढीवाल्या बाबाच्या स्वस्त पिस्तुलाचा लाकडी दस्ता वाकडा असेल, पण ज्या तुकड्यात स्फोट होतो तो तुकडा त्याच्या हातात येण्यापूर्वी कोणीतरी त्रयस्थाने तपासलेला असतो.

आता आपल्याकडे या.

कोकणातल्या माणसाला ठासणीची बंदूक समजावून सांगायची गरज नाही, पण घाटावरचे वाचकही आहेत म्हणून सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, परत बोळा. मागच्या बाजूला एक पोकळ खुंटी असते, तिला कोणी निपल म्हणतं, कोणी नुसतं 'टोपीचं बूड'. तिच्यावर तांब्याची बारीक टोपी. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी खुंटीच्या भोकातून आत जाते आणि बार होतो. एका बाराला एकदा. पुन्हा भरायचं तर मिनिटभर तरी जातं, तेवढ्यात डुक्कर पुढच्या गावात.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये या बंदुकीचं नाव घेऊन लिहिलंय, की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर तो द्यावा. म्हणजे हे काही लपूनछपून चाललेलं काम नाही. कायद्यानेच शेतकऱ्याच्या हातात दिलेलं हत्यार आहे. त्यातही ग्यानबाची मेख अशी, की रानडुक्कर, वानर, माकड हे सगळे वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात. वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा. त्यामुळे कागदोपत्री या बंदुकीचं मुख्य काम आवाज करणं. प्रत्यक्षात काय चालतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हीही कमेंटमध्ये लिहू नका.

माझं आजोळ घाटाच्या पायथ्याला. मामांची बंदूक त्यांच्या वडिलांची. परवाना वारसाने आलेला. हेही नियमात बसतं. २०१६ च्या नियमांत तर परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली तरी ती वारसाच्या नावे करायची सोय आहे. सोय चांगली आहे. पण याचा अर्थ असाही होतो की कागद नवा होत जातो आणि लोखंड तेच राहतं.

लहानपणी मी मामांबरोबर राखणीला जायचो. भात लोंबीला आलं की नवरात्रापासून दिवाळीपर्यंत माचावर झोपायचं. खाली निखारे, वर घोंगडी. मामा बंदूक भरून शेजारी ठेवत आणि टोपी मात्र खिशात. "टोपी लावल्याशिवाय ती काठी. टोपी लावली की ती बंदूक," असं सांगत. चार बारांतला एक फुसका जायचा हे मला नेहमीचंच वाटे. कधीकधी मात्र टोपी फुटायची, काही व्हायचं नाही, आणि क्षणभराने, माणूस बंदूक खाली आणत असतानाच, धाडकन् बार व्हायचा. दारू दमट असली किंवा भोक काजळीने भरलं की असं होतं. मामा म्हणायचे, "बार झालो नाय तरी नळी शेताकडेच. मनात तीस मोजायचे." मी मोजायचो. अजूनही फटाक्याची वात विझली की मी तीस मोजतो.

ही बंदूक दुरुस्त कोण करायचं? दोन गावं पलीकडे एक कारागीर होता. नाव सांगत नाही. आख्ख्या खोऱ्यातल्या बंदुका त्याच्याकडे जायच्या. घोड्याची स्प्रिंग, चापाची खाच, नवी खुंटी. त्याचा हात चांगला होता. नळीत दिवा दाखवून तो आत बघायचा आणि एखाद्याला सरळ सांगायचा, "ही आता भिंतीवर लाव. यापुढे बार काढू नकोस." आमच्या भागातला प्रूफ हाऊस म्हणा ना.

पण त्याच्याकडे परवाना नव्हता. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला, विकायला तर परवाना लागतोच, दुरुस्त करायलाही लागतो. इतकंच नाही, चाचणी घ्यायलाही लागतो. म्हणजे हौसेने किंवा उपकार म्हणून दुसऱ्याची नळी तपासून देणारासुद्धा कायद्याच्या कचाट्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षं ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्या पोराला मी "आत जाशील" म्हटलं ते उगाच नाही. खोक्यातले भाग घरी जुळवणं अमेरिकेत छंद आहे, आपल्याकडे ती आयात आणि निर्मिती आहे.

तर पाच-सहा वर्षांपूर्वी त्या कारागिराकडे धाड पडली. प्रेसनोट आली. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचं तालुक्याचं काम बघत होतो. संध्याकाळचे सात वाजलेले, पान सुटायचं होतं. प्रेसनोटमध्ये 'बंदुका बनवण्याचा कारखाना उद्ध्वस्त' असं होतं, मी मथळा तोच ठेवला. फोटोत एक शेगडा, चार कानशी, तीन-चार बंदुका आणि दोन सुट्या नळ्या. कारखाना म्हणे. दोन नळ्यांचा हिशेब त्याला देता आला नाही हे खरं, आणि त्याची बाजू मी घेत नाही. पण बाकीच्या बंदुका गिऱ्हाइकांच्या, परवान्याच्या, दुरुस्तीला आलेल्या होत्या. हे मला माहीत होतं. मी ते लिहिलं नाही. बातमी पहिल्या पानावर लागली, संपादकांचा फोन आला, बरं वाटलं. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की एका बाजूची बातमी ही बातमी नसते. परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं.

त्यानंतर खोऱ्यातल्या बंदुका बिघडायच्या थांबल्या नाहीत. फक्त दुरुस्तीला जायच्या थांबल्या.

मामांच्या बंदुकीची खुंटी झिजली होती. होतं काय, की प्रत्येक बाराला गरम वायू त्या बारीक भोकातून मागेही येतो. वर्षानुवर्षं वापरून भोक मोठं होतं, मग मागे येणारा जोर वाढतो, घोडा उचलला जातो, टोपीचे तुकडे उडतात. त्यात पेचाचे आटे झिजलेले असले तर खुंटी नळीत घट्ट बसत नाही. कारागीर असता तर त्याने आटे नव्याने पाडून मापाची खुंटी बसवली असती, किंवा बंदूक भिंतीवर लावायला सांगितली असती. मामांनी काय केलं? नळाला लावतात तसा दोरा गुंडाळून खुंटी आवळली. त्यावर त्यांनी एक हंगाम काढला.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला, ती खुंटी मागे उडाली. उजव्या डोळ्याच्या कडेला लागली. थोडी आत लागली असती तर मी ही पोस्ट लिहीत नसतो, वर्षश्राद्धाला गेलो असतो. डोळा गेला. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही.

डॉक्टरांना मामांनी सांगितलं की लाकूड फोडताना ढलपी उडाली. मामीने तेच सांगितलं. मुलाने तेच सांगितलं. मी पोचलो तेव्हा मला बाजूला घेऊन मामा म्हणाले, "भाच्या, तू पण ताच सांग." कारण खरं सांगितलं असतं तर प्रश्न आला असता, की खुंटी कोणी बसवली? आणि मग परवाना गेला असता. एक डोळा गेलेल्या माणसाला दुसऱ्या डोळ्याची काळजी नव्हती, परवान्याची होती. मीही तेच सांगितलं. वीस वर्षं बातमीदारी करणाऱ्या माणसाने.

आता काहीजण म्हणतील, मामांची चूक. आहे. दोरा गुंडाळणं मूर्खपणा होता, ते स्वतःही म्हणतात. पण परवाना नूतनीकरणाच्या वेळी ही बंदूक सरकारी टेबलावर ठेवली गेली होती. मी मामांबरोबर होतो. कर्मचाऱ्याने नळीवरचा नंबर वाचला, परवान्यावरचा नंबर वाचला, दोन्ही जुळले, सही केली. पुढचा. दीड मिनिट. त्याचाही दोष नाही, त्याला तेवढंच काम दिलंय. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते चांगलंच झालं. माणूस शिकला. पण त्याच्या आजोबांच्या बंदुकीची परीक्षा कोणी घेतली? नवी बंदूक कारखान्यातून निघताना तिची चाचणी व्हावी असा नियम आपल्याकडेही आहे. मुंगेरसारख्या ठिकाणच्या परवानाधारक कारखान्यांतून आलेल्या बंदुकीवर ठसा असतो. प्रश्न त्यापुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा आहे.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका जमा करा असं फर्मान निघतं. खरं तर सरसकट जमा करायच्या नाहीत, छाननी समितीने कोणाची जमा करायची ते ठरवायचं, अशी पद्धत आहे. तरी गावात निरोप येतो तो "सगळ्यांनी आणून द्या" असाच. लोकसभा, विधानसभा, मग झेडपी, मग ग्रामपंचायत. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढून घेते, हे बंदूक वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साफ न केलेली नळी कोकणातल्या दमट हवेत काही दिवसांत आतून गंजू लागते. महिना-दोन महिने एका कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेली बंदूक परत येते तेव्हा तिच्या आत काय झालंय ते दिसत नाही. घेणाऱ्याने तेल लावून दिली होती की नाही, तेही कोणी बघत नाही. पावतीवर फक्त नंबर.

मग पोरं म्हणतात, नकोच ती बंदूक, पाइपची गन बरी. प्लास्टिकचा पाइप, लायटरचा खटका, कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी. वानरं हाकलायला आमच्याकडे काजूच्या बागांतून ही सर्रास दिसते. परवाना नको, नंबर नको, शंभर-दोनशे रुपये. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपास, याच खेळण्याने शंभराहून जास्त जण जखमी झाले, बरीचशी मुलं, काहींची दृष्टी गेली. गॅस लगेच पेटला नाही की मूल पाइपात डोकावून बघतं आणि तेव्हाच तो पेटतो. मामांच्या तीस मोजण्याचा धडा त्या मुलांना द्यायला कोणी नव्हतं. मामांच्या मुलाने गेल्या वर्षी असली एक गन आणली होती. मामीने ती कोयत्याने तोडली. काही बोलली नाही, फक्त तोडली.

मी गेल्या पावसाळ्याआधी एक अर्ज दिला. मागणी एवढीच, की वर्षातून एकदा, भात पोटरीला येण्याआधी, तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावं. शेतकऱ्यांनी आपापल्या परवान्याच्या बंदुका आणाव्यात. नळी, खुंटी, घोडा बघून घ्यावा. जी बाद आहे ती बाद म्हणून लेखी द्यावं, आणि बाद बंदुकीच्या जागी दुसरी घ्यायची परवानगी त्याच फायलीवर मिळावी. आधीच्या दुरुस्तीबद्दल त्या दिवशी प्रश्न विचारू नयेत. खर्च शेतकरी देतील, मी स्वतः पंधरा-वीस जणांना विचारलंय. उत्तर आलं की अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग केला आहे. संबंधित शाखेत गेलो तर तिथल्या बाईंनी अर्ज शांतपणे वाचला. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे हो, पण आमच्याकडे याचा रकानाच नाही. नंबर, दारू किती, टोप्या किती, पत्ता. बंदूक चांगली की वाईट हे लिहायचं कुठे?" मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही.

तोपर्यंत जे आपल्या हातात आहे ते सांगतो. हे मी मामांकडून आणि त्या कारागिराकडून ऐकलेलं आहे, पुस्तकी नाही. ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल लावा, उद्यावर ढकलू नका. भरलेली बंदूक घरात टांगू नका. गजावर खूण करून ठेवा, रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो त्याची. म्हणजे बंदूक भरलेली आहे का हे आत न डोकावता कळतं. आणि एकदा भरलेली असताना विसरून दुसऱ्यांदा ठासणं, ज्याने नळ्या फाटतात, तेही टळतं. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत कधीही वापरू नका. ती वेगळ्या जातीची असते, तिचा दाब ही नळी सहन करू शकत नाही. फटाक्यातली दारू तर मुळीच नको. आणि खुंटी हलत असेल, टोपीचे तुकडे तोंडावर येत असतील, घोडा बारानंतर आपोआप मागे जात असेल, तर ती बंदूक आजपासून बंद. दोरा गुंडाळू नका.

तो कारागीर जामिनावर सुटला. आता मुलाकडे असतो, तालुक्याच्या गावाला, मोबाइलच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो. गेल्या महिन्यात मी भेटलो. मथळ्याबद्दल मी बोलायला सुरुवात केली तर त्याने हात वर केला. मामांचं विचारलं. मी खरं सांगितलं, दोऱ्यासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती नळी मी बघितली होती. आटे गेलेले. पुढच्या खेपेला घेऊन या, असं सांगितलेलं मी त्यांना." पुढची खेप आलीच नाही, धाड आधी आली.

मामांच्या परवान्याचं नूतनीकरण येत्या मार्चमध्ये आहे. ते बंदूक सोडायला तयार नाहीत, डुकरं यंदाही भुईमुगात शिरलीत. खुंटी उडाल्यापासून बंदूक माळ्यावर गोणपाटात आहे. मार्चमध्ये नंबर जुळेल, सही होईल, हे मला आजच माहीत आहे. म्हणून यावेळी मी त्यांच्या अर्जाला एक साधा कागद जोडणार आहे, 'सदर बंदूक नादुरुस्त असून तपासून मिळावी'. मामा आधी नको म्हणाले. हा कागद जोडला म्हणजे ते ढलपीचं खोटंही बाहेर येणार, हे त्यांना कळतं, मलाही कळतं. आणि परवाना तिथेच गेला तर? दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, "लिव. काय होतला ता बघूया."

मित्रांनो, काम एकच. आपल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यात शस्त्र दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेलं दुकान किंवा कारागीर कोणाला माहीत असेल तर मला इनबॉक्स करा. कमेंटमध्ये नाव-नंबर टाकू नका. ज्यांच्याकडे परवान्याची ठासणी आहे आणि अशा शिबिराला यायची तयारी आहे त्यांनी फक्त गावाचं नाव लिहा, मी दुसऱ्या अर्जाला यादी जोडतो.

आणि तू, व्हिडिओ पाठवणाऱ्या बाबा, रविवारी घरी ये. तुझ्या आजोबांची बंदूक आहे ना अजून? ती आणू नकोस. गजाने मोजून ती रिकामी आहे का तेवढं बघ, नंतर चिमटीत धरून खुंटी हलते का ते बघ, आणि मला सांग.